ए-वन ड्रॉइंग बोर्ड आणि पॅरलल बार : दोन सेमिस्टर, एक सोलापुरी उन्हाळा

बी.आर्क.च्या पहिल्या वर्षाची साहित्याची यादी हातात पडली की घरचे आधी मिनी ड्राफ्टर (बोर्डाला अडकवायचा, सांध्यांच्या हातावर फिरणारा पट्ट्यांचा संच) शोधायला निघतात, कारण इंजिनिअरिंगला गेलेल्या चुलतभावाकडे तोच असतो. ए-टू शीटपर्यंत मिनी ड्राफ्टर उत्तम आहे. पण आर्किटेक्चरचं काम बहुतेक ए-वनवर, म्हणजे ८४१ × ५९४ मिमीच्या शीटवर चालतं. तिथे उजव्या खालच्या कोपऱ्यात ड्राफ्टरचा हात पुरत नाही आणि सांध्यातली जराशी ढिलाई लांब रेषेत चांगली ठळक दिसते. टी-स्क्वेअरचं, म्हणजे इंग्रजी टी आकाराच्या पट्टीचं, डोकं बोर्डाच्या कडेला सतत दाबून धरावं लागतं, त्यात डावा हात अडकतो. रोलर स्केल (खाली रूळ असलेली पट्टी) हॅचिंगला, म्हणजे जवळजवळच्या समांतर रेषांना, छान, पण लांब रेषेला हमखास सरकतो. घरी शीट करायची असेल तर १००० × ७०० मिमीचा बोर्ड आणि त्यावर तारेचा पॅरलल बार, म्हणजे तारांवर वर-खाली सरकणारी आडवी पट्टी, हाच पर्याय पटतो. मात्र तो आणला, टेकवला आणि विसरला, असं होत नाही.

बार समांतर का राहतो, हे आधी समजून घ्या, म्हणजे बिघाड लगेच कळतो. दोन तारा असतात. एक डाव्या वरच्या कोपऱ्यातून खाली येते, बारच्या डाव्या पुलीवरून आत शिरते, बारमधून आडवी जाऊन उजव्या पुलीवरून उजव्या खालच्या कोपऱ्यात बांधलेली असते. दुसरी बरोबर उलट. दोन्ही तारा ताणलेल्या असतील तर एक टोक खाली आलं की दुसऱ्याला यावंच लागतं. एक जरी सैल पडली, तर बार एका बाजूला कलतो.

हा कल डोळ्यांना दिसत नाही, आणि घोळ तिथेच होतो. ८०० मिमी लांबीत १ मिमीचा फरक म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण १:१०० स्केलच्या प्लॅनमध्ये नऊ इंची भिंत जेमतेम २.३ मिमी जाडीची येते. म्हणजे डावीकडून काढत आणलेली भिंत उजवीकडे पोचेपर्यंत जवळपास अर्ध्या भिंतीने चुकलेली असते. मग कॉलम जुळत नाहीत आणि खापर फुटतं स्केलवर.

तपासणी सोपी आहे. शीटच्या मध्यावर टोकापासून टोकापर्यंत बारीक रेषा काढा. बार तळापर्यंत नेऊन पुन्हा त्या रेषेवर आणा. जुळली नाही, तर तार सैल आहे. जुळली, पण शीटच्या कडेला समांतर नाही, तर बार वाकडा बसवलाय किंवा शीटच तिरकी चिकटवलीय. दुरुस्तीसाठी बार अगदी वर न्या, तारेच्या टोकाचा स्क्रू ढिला करा, बोर्डाच्या वरच्या कडेपासून दोन्ही टोकांचं अंतर सारखं करा, तार ताणून स्क्रू आवळा आणि खाली नेऊन पुन्हा मोजा. सरकवताना बार मधोमध धरायचा. टोकाला धरून ढकलायची सवय लागली की तारा लवकर सैल होतात.

नायलॉनची दोरी असलेला बार स्वस्त मिळतो, पण सोलापुरात घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट हाल. ताणलेलं नायलॉन उष्णतेत हळूहळू लांबतं, आणि आवळून ठेवलेला बार परत सैल सापडतो. बारीक पिळाची स्टीलची तार घ्या. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांनी पुल्यांवरही लक्ष ठेवावं. कापसाचे तंतू खोबणीत साचले की बार अडखळतो. जुन्या टूथब्रशने साफ करा. तेल मात्र नको. ते तारेवरून शीटवर उतरतं.

बोर्ड स्वतः करून घेणार असाल तर १९ मिमी ब्लॉकबोर्ड बरा. १८ मिमी एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचा) याच मापाचा बोर्ड नऊ किलोंच्या आसपास भरतो, रोज उचलणं नको होतं. सुतार हमखास एक गोष्ट टाळतात : सनमायका फक्त वरच्या बाजूला लावतात. मग वरची बाजू बंद, खालची उघडी. उघड्या बाजूचं लाकूड कोरड्या हवेत आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि बोर्ड वाकतो. खालून साधा, स्वस्त लॅमिनेट चालेल, पण दोन्ही बाजूंना हवाच. ताब्यात घेताना दोन्ही कर्ण मोजा. १००० × ७०० ला दोन्ही १२२१ मिमीच्या जवळ आणि एकमेकांशी सारखे यायला हवेत. सनमायक्यावर कंपासचं टोक धरत नाही, म्हणून एक कार्ट्रिज शीट (ड्रॉइंगचा जाड कागद) कायम खाली अंथरलेली असू द्या. उतार द्यायला मागे दोन विटा आडव्या, एकावर एक ठेवल्या की साधारण १२ अंश मिळतात. मानेसाठी तेवढा उतार पुरतो.

आता कूलर. उन्हाळी सबमिशनला कूलर समोर लावायचा मोह होतोच. पण कूलरची हवा ओली असते, आणि ट्रेसिंग पेपर ओलावा लगेच शोषून लाटा धरतो. त्यावर ओढलेली शाईची रेषा कागद पुन्हा सुकल्यावर जागची हलते. कूलर पाठीमागे किंवा खिडकीकडे वळवा. सरळ झोत बोर्डावर नको. ट्रेसिंग आदल्या रात्री सैल अंथरून ठेवा, सकाळी टेप लावा. काम संपल्यावर टेपही काढा, नाहीतर गरमीत तिचा गोंद शीटवर राहतो. घामासाठी मनगटाखाली कापड लागतं. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही, पण टेरी टॉवेलचे तंतू पेनच्या निबमध्ये अडकतात. जुन्या धोतराचा तुकडा त्यापेक्षा कामाचा.

बारचा खरा त्रास म्हणजे काळवंडणारी शीट. बारच्या तळाशी पेन्सिलचं ग्रॅफाइट साचतं आणि बार वर-खाली गेला की सगळीकडे पसरतं. रोज ओल्या फडक्याने तळ पुसा, आधीच्या फिकट आखणीच्या रेषांना २एच पेन्सिल वापरा आणि शाई शक्यतो वरून खाली करत या. सेटस्क्वेअरच्या कडेखाली शाई ओढली जात असेल तर कडेपासून थोडं आत टेपचे दोन थर चिकटवून ती किंचित उचलून घ्या. बारीक निबचं टेक्निकल पेन या कोरड्या हवेत टोपण उघडं राहिलं की पटकन सुकून तुंबतं. त्याला बोर्डाचा दोष नाही.

सोलापुरातल्या इंद्रभुवनसारख्या इमारतीच्या एलेव्हेशनला, म्हणजे समोरून दिसणाऱ्या बाजूच्या ड्रॉइंगला, बारची किंमत कळते. शीटभर धावणाऱ्या कॉर्निसच्या (भिंतीवरच्या पुढे आलेल्या पट्टीच्या) आणि मजल्यांच्या रेषा एका झटक्यात होतात. कमानी आणि नक्षीला त्याचा उपयोग नाही. भुईकोट किल्ल्याच्या बुरुजांनाही नाही. तिथे लांब हाताचा कंपास लागतो.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात बोर्डाचा खरा वापर सुरुवातीच्या सेमिस्टर्समध्येच होतो, पुढे कॅड, म्हणजे संगणकावरचं ड्रॉइंग, येतं. त्यामुळे नव्यापेक्षा सीनिअरकडचा जुना घेणं शहाणपणाचं. तार आणि पुल्या बदलता येतात. बारची पारदर्शक कड मात्र ब्लेडने कापलेली नसावी, कारण मॉडेल करताना बरेच जण तीच कड कटिंगला वापरतात. नखाने कड चाचपडून पाहा. खाच लागली तर बोर्ड घ्या, बार सोडा.