शेवटच्या वर्षाचा प्रकल्प: कॉलेजच्या लॅबमध्ये की उद्यमनगरातल्या शेडमध्ये?

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या लहान अभियांत्रिकी महाविद्यालयांत तिसरे वर्ष संपत आले की मेकॅनिकलच्या मुलांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. प्रकल्प महाविद्यालयाच्या लॅबमध्ये करायचा, की शिवाजी उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या एखाद्या शेडमध्ये, म्हणजे छोट्या वर्कशॉपमध्ये, बसून करून घ्यायचा? ज्यांना टर्मवर्कचे गुण आणि बांधीव अहवाल एवढेच हवे आहे, त्यांनी निःशंकपणे लॅब धरावी. पुढे तीच वस्तू विकण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी मात्र या दोन जागांत पुष्कळ अंतर आहे. मी दोन्हीकडे काम केले आहे. आमचे यंत्र उसाचे डोळे काढण्याचे होते: रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये लावण्यासाठी कांडीवरचा डोळा मुळांच्या पट्ट्यासह अर्धगोल पात्याने कापून घ्यायचा, एवढेच त्याचे काम.

लॅबच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईने 2021 मध्ये आयडिया लॅबची, म्हणजे मुलांना कल्पनेतली वस्तू स्वतः बनवून पाहता येईल अशा लॅबची, योजना आणली, आणि ती ज्यांना मिळाली नाही अशा संस्थांनीही ऐपतीप्रमाणे थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर घेऊन ठेवले. अशा गोष्टी खेड्यात चालत नाहीत हा आक्षेप मला पटत नाही, कारण पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवण्याची कार्यशाळा, 2002 सालापासून आहे. उलट लहान महाविद्यालयात प्रिंटरपुढे रांग नसते, विभागप्रमुख नावाने ओळखतात, आणि मुठीचा आकार हाताला बोचतो असे संध्याकाळी लक्षात आले तर दुसऱ्या दिवशी नवी मूठ छापून हातात येते. सर्किट, सेन्सर, मोटरचे नियंत्रण यांचे काम असेल तर शेडमध्ये जाण्यात काहीच अर्थ नाही. मुलींच्या दृष्टीनेही हे स्पष्ट लिहिले पाहिजे की अनेक शेडमध्ये स्वच्छतागृहाची धड सोय नसते आणि उशिरापर्यंत थांबणे अवघड जाते. लॅबमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही.

पेटंटचा मुद्दा लॅबच्या बाजूने नेहमी सांगितला जातो, पण तो मला थोडा फुगवलेला वाटतो. शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात 80 टक्के सवलत 2021 पासून मिळते हे खरे. परंतु व्यक्तीने स्वतःच्या नावाने अर्ज केला तरी तिला कमी दराचेच शुल्क लागते, तेव्हा केवळ तेवढ्यासाठी मालकी संस्थेच्या नावावर जाऊ द्यावी का, याचा विचार आधीच केलेला बरा.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, ती सांगतो. ती गोष्ट म्हणजे खरेदी. आमच्या महाविद्यालयात कोणतीही वस्तू, मग ती 6204 क्रमांकाची बेअरिंग का असेना, घ्यायची तर मागणीपत्र, त्यावर मार्गदर्शकांची आणि विभागप्रमुखांची सही, तीन दुकानांची कोटेशने, खरेदी समितीची बैठक आणि मग स्टोअरच्या नोंदवहीत नोंद, असा प्रवास होता. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. लेखापरीक्षणात उत्तर द्यावे लागते म्हणून नियम होते, आणि मोठ्या यंत्राच्या खरेदीला ते योग्यच आहेत. पण ज्या बेअरिंगला दुकानदार पेठेत उभ्या उभ्या पुडी बांधून देतो, तिच्यासाठी तो छापील कोटेशन लिहायला तयार नसतो, आणि उरलेल्या दोन दुकानदारांना आपण घेणार नाही हे ठाऊक असल्याने ते तर मुळीच नसतात. स्वतःच्या खिशातून आणावी, तर ती नोंदवहीत नाही म्हणून लॅबच्या यंत्रावर बसवण्यास हरकत घेतली जाई.

उशीर हा सगळीकडेच होतो, तो सोसता येतो. आमची अडचण अशी होती की ऊस कोणासाठी थांबत नाही. पूर्वहंगामी लागण साधारण 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर या काळात होते आणि तिची रोपे त्याच्या महिनाभर आधी ट्रेमध्ये भरली जातात. पात्याचे पोलाद बदलायचे ठरले तेव्हा रोपवाटिकांचे काम तोंडावर आले होते. साध्या लोखंडाचे पाते लवकर बोथट होते, मग ते डोळा कापण्याऐवजी चेंगरते, आणि चेंगरलेला डोळा ट्रेमध्ये कुजतो. आमचे मागणीपत्र समितीपुढे होते आणि रोपवाटिकावाला विळ्यावर परतला होता.

शेडमध्ये तेच काम वेगळ्या रीतीने झाले. मिस्त्रींनी ड्रॉइंग हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, “पोरांनो, शाफ्ट नुसता 20 लिवलाय, बेरिंग ठोकून बसवायचं का हातानं सरकवायचं?” टॉलरन्सचा, म्हणजे मापात किती फरक चालेल याचा, तक्ता आम्ही परीक्षेत लिहिला होता, पण शतांश मिलिमीटरच्या फरकाने बेअरिंग घट्ट बसते की फिरत राहते, हे त्या लेथपाशी उभे राहिल्यावर कळले. पात्यासाठी त्यांनी भंगारातला ट्रकचा कमानपाटा काढला, त्यातून तुकडा कापून आकार दिला, भट्टीत लाल केला, तेलात विझवला आणि पुन्हा हलका तापवून ठेवला. ते पाते किती कठीण झाले होते याचे मोजमाप माझ्याकडे नाही; पण हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात ते रोपवाटिकेत दिवसभर चालले आणि संध्याकाळीही काप स्वच्छ येत होता, एवढे मी पाहिले आहे.

शेडचे दोष कमी नाहीत. कायमच्या गिऱ्हाइकाचा जॉब आला की तुमचा जॉब टेबलाखाली जातो आणि “उद्या या” ऐकावे लागते. कोणी समजावून सांगत बसत नाही, बघून शिकायचे. वस्तू चांगली निघाली तर शेजारच्या शेडमध्ये तशीच दिसू लागण्याची भीती असते. शिवाय यंत्राचा दर ताशी असल्याने प्रत्येक दुरुस्ती पैसे खाते. मात्र माझ्या मते उद्योगाचे खरे शिक्षण याच शेवटच्या दोषात आहे. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनसारख्या स्पर्धा आणि महाविद्यालयातल्या इनोव्हेशन कौन्सिलचे कार्यक्रम मांडणी चांगली शिकवतात, त्याचा मला उपयोगही झाला. पण मिलिंगचा एक काप वाचला तर यंत्राची किंमत किती उतरते, हे लॅबमध्ये कळण्याची सोय नाही, कारण तिथे काप फुकट असतो. रोपवाटिकावाल्याला स्लाइड दाखवून चालत नाही. तो दोनच गोष्टी विचारतो: पाते किती दिवस चालेल, आणि धार कोण लावून देणार?

गंमत अशी की ज्या कोटेशनांनी मला लॅबमधून बाहेर काढले, तीच पुढे पीएमईजीपी या नव्या उद्योगांसाठीच्या सरकारी योजनेतल्या कर्जासाठी बँकेत यंत्रांची कोटेशने जोडताना कामी आली; ती कशी मिळवायची हे मला चांगलेच माहीत झाले होते.

प्रत्येक महाविद्यालय सारखे नसते, आणि जिथे विभागाला किरकोळ खर्चासाठी हातात रोख रक्कम मिळते तिथे माझा सगळा युक्तिवाद सैल पडेल. म्हणून निवड करण्यापूर्वी स्टोअरकीपरकडे जाऊन एक बेअरिंग मागून पाहावी. ती आठवड्यात मिळाली तर लॅबमध्ये राहावे. नाही मिळाली, तर मूठ आणि आवरण यांचे नमुने लॅबमध्ये छापून घ्यावेत आणि शाफ्ट, पाते, सांगाडा घेऊन शेड गाठावी. जाताना विभागप्रमुखांचे पत्र सोबत ठेवावे, माल आपला की त्यांचा आणि ताशी दर किती हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्यावे, आणि महिनाअखेरीस जाऊ नये, कारण तेव्हा माल पाठवण्याच्या गडबडीत मिस्त्री तुमच्याकडे मान वर करूनही पाहणार नाहीत.