रोजची गोळी, शनिवारची गोळी

मूल दोन वर्षांचं झालं, अंगावरचं दूध सुटलं, आणि दुसरं इतक्यात नको हे नवऱ्याशी बोलून ठरलं. त्यानंतर मी आठ महिने रोजची गर्भनिरोधक गोळी घेतली आणि आता दीड वर्ष झालं, आठवड्याची घेते आहे. एवढ्यावर मी काही जाणकार झाले नाही. पण मैत्रिणी विचारतात, आणि दर वेळी हळू आवाजात तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिलेलं बरं.

तांबी माझ्या जावेला छान मानवली. पहिले तीन-चार महिने अंगावर फार जायचं, कळा यायच्या, मग बसलं सगळं. माझं हिमोग्लोबिन बाळंतपणापासून 9 च्या वर चढायला तयार नव्हतं, म्हणून डॉक्टर मॅडमनीच तो विषय बाजूला ठेवला. तीन महिन्यांचं इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात, आणि आमच्या मनात पुढे-मागे दुसरं होतंच. म्हणून तेही नको. राहिल्या दोन गोळ्या.

आधी रोजच्या गोळीचं चांगलं सांगते, कारण पुढे मी तिच्यावर थोडा अन्याय करणार आहे. तिच्यासारखी शिस्त दुसऱ्या कशात नाही. 21 गोळ्या हार्मोनच्या, 7 लोहाच्या. लोहाच्या सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत पाळी. आठ महिन्यांत एकदाही चुकली नाही, अंगावर जाणं निम्म्यावर आलं, पोटदुखी जवळजवळ गेली. आमच्यासारख्या घरात, जिथं महालक्ष्म्या बसतात आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला पाहुण्यांनी घर भरतं, तिथं तारीख आधी माहीत असणं म्हणजे काय, ते बाईलाच कळतं. मी तर कॅलेंडर बघून नणंदेच्या साखरपुड्याला हो म्हटलं होतं.

मळमळीबद्दल सगळ्याच विचारतात. हो, झाली. पहिलं पाकीट आणि दुसरं अर्धं. सकाळी चहाचं आधण ठेवलं की पोटात ढवळायचं, शेंगाचं कूट भाजायला घेतलं की ओट्यापासून लांब व्हावं लागायचं. सासूबाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी न विचारता बाजारातून कैऱ्या आणल्या. दिवस जाऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळीनं घरभर दिवस गेल्याचा आनंद पसरवला! आता हसते, तेव्हा रडू येत होतं. एकदा रात्री गोळी घेतली आणि तासाभरात उलटी झाली. दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्यायची, हे तेव्हा कळलं. पण खरं सांगायचं तर डॉक्टर मॅडम म्हणाल्या तसंच झालं. जेवणानंतर, झोपायच्या आधी घेत राहिले आणि तिसऱ्या पाकिटाला मळमळ गेली. छातीचं, म्हणजे स्तनांचं, दुखणंही गेलं. तेव्हा कुणी मळमळीमुळे दुसऱ्या आठवड्यात गोळी फेकून देत असेल तर मी म्हणेन, जरा थांबा. चिडचिडीबद्दल मात्र मी काही बोलू शकत नाही. माझी चिडचिड गोळीची होती, मुलाच्या जागरणांची होती की मार्च एंडिंगची, ते वेगळं काढायला मला जमलं नाही.

माझा निर्णय फिरला तो वांगामुळे, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळसर डागांमुळे.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, एका टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते. घरापासून स्कूटीवर वीस-पंचवीस मिनिटं, ऊन दोन्ही वेळा तोंडावर. मार्चच्या शेवटी आरशात डाव्या गालावर मळल्यासारखा पट्टा दिसला. शाई लागली असेल म्हणून घासला. एप्रिलमध्ये तो उजव्या गालावर आला, मग वरच्या ओठावर, मिशी फुटावी तसा. मे महिन्यात सोलापूरचं ऊन 43-44 ला टेकलं तेव्हा चेहऱ्याचा नकाशा झाला होता. स्कार्फ गुंडाळायचे, त्यावर चष्मा, हातात मोजे. सिग्नलला उभी राहिले की मीच मला ओळखू नये अशी. तरी वांग वाढतच गेला.

डॉक्टर मॅडमनी शांतपणे सांगितलं की या गोळीतल्या हार्मोनमुळे काही जणींना असं होतं, ऊन त्यात भर घालतं, आणि गरोदरपणात ज्यांना वांग आला होता त्यांना जास्त. मला सातव्या महिन्यात थोडा आला होता, बाळंतपणानंतर पुसट झाला होता. म्हणजे दोष सगळा गोळीचा नाही. माझी कातडी, माझं ऊन, माझी आई (तिलाही होता) असे तिघे-चौघे भागीदार आहेत. ज्यांचं काम सावलीत आहे त्यांना कदाचित काहीच होणार नाही. माझ्या ऑफिसातली एक जण पाच वर्षं हीच गोळी घेते, गाल आरशासारखे.

पण त्रास नुसता डागाचा नव्हता. गोळीचं पाकीट मी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवायची, घरात नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आणि चेहरा तर सगळ्यांसमोर. रोज कुणीतरी विचारणार. शेजारच्या काकू, "काय गं, तोंडाला काय झालं गं?" सासूबाईंनी जायफळ दुधात उगाळून दिलं, चुलत सासूबाईंनी मसूर डाळीचा लेप सांगितला, भाजीवाल्या मावशींनी लिव्हर तपासून घे म्हणून सांगितलं. मी सगळ्यांना "ऊन ओ, ऊन" म्हणत राहिले. आठव्या महिन्याला मी मॅडमना म्हटलं, दुसरं काही द्या.

दुसरं म्हणजे सेंटक्रोमन ही आठवड्याची गोळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, 1991 पासून दुकानात सहेली नावानं मिळणारी आणि सरकारी दवाखान्यात छाया नावानं फुकट मिळणारी. तिच्यात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. माझी पाळी शनिवारी आली, म्हणून तीन महिने शनिवार-मंगळवार आणि नंतर फक्त शनिवार. शनिवारी सासूबाई मारुतीला तेल घालायला जातात, ती माझी वेळ. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथल्या बाईला दिवस मोजायला वेगळं शिकवावं लागत नाही.

मळमळ नाही, डोकं जड नाही, छाती दुखली नाही. वांग वाढायचा थांबला आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत उजव्या गालावरचा बराच गेला. डाव्यावरचा राहिलाय. तो राहीलही.

आता तिची खोड. पाळीची तारीख विसरा. माझं चक्र 28 वरून 35, एकदा 41, आणि चौथ्या महिन्यात 48 दिवसांवर गेलं. हे या गोळीत होतं, शरीराचं काही बिघडत नाही, असं मॅडमनी आधी सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि त्या रात्री वेगळ्या. पाळी 15 दिवसांच्या वर लांबली तर दिवस राहिलेत का ते तपासून घ्यायचं असतं. घराजवळच्या मेडिकलवाल्याला मी ओळखते म्हणून लांब सात रस्ता चौकापर्यंत जाऊन किट आणलं. एक रेघ. दोन दिवसांनी परत आणलं. परत एक रेघ. पाचव्या दिवशी पाळी आली ती नेमकी महालक्ष्म्या जेवायच्या दिवशी. पुरणाचा स्वयंपाक सगळा जावेच्या अंगावर पडला आणि तिनं मला अजून पूर्ण माफ केलेलं नाही. सहा-सात महिन्यांनी चक्र 33-34 दिवसांवर स्थिरावलं, पण रोजच्या गोळीची शिस्त ती नाहीच.

म्हणून जिला पाळी दोन दिवस लांबली तरी झोप लागत नाही, तिनं माझं ऐकू नये. तिला रोजचीच गोळी बरी, आणि त्यात कमीपणा काही नाही. पीसीओडी असेल, नुकतीच कावीळ होऊन गेली असेल, लिव्हरचा किंवा किडनीचा आजार असेल, टीबी असेल, तर आठवड्याची गोळी देत नाहीत. उलट अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा चमकत असतील, रक्तदाब असेल, पायात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, किंवा पस्तिशी उलटून धूम्रपान असेल, तर रोजची गोळी नकोच. हे तपासायला मेडिकलचं काउंटर पुरत नाही, एकदा दवाखान्यात जाऊन बसावं. आशाताईंनाही विचारता येतं. आमच्या भागातल्या ताई कुजबुजत नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

विसरण्याचंही सांगते. रोजची गोळी मी आठ महिन्यांत पाच-सहा वेळा विसरले, दर वेळी सकाळी दचकून उठले. शनिवारची दीड वर्षात एकदा, माहेरी पंढरपूरला गेले होते तेव्हा. सोमवारी आठवली, लगेच घेतली, पुढची परत शनिवारी, आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध. सात दिवसांच्या वर गेलं असतं तर पहिल्यापासून, म्हणजे आठवड्यातून दोनदा, सुरू करावं लागलं असतं, आणि निरोधही.

आता घरातल्या कॅलेंडरवर पाणी आलेल्या दिवसाला गोल असतो आणि शनिवारी पेन्सिलीचा बारीक ठिपका. सासूबाईंना वाटतं, तो दुधाचा हिशेब आहे. परवा एक ठिपका राहिला, तर त्यांनीच आठवण केली.