सीईएसी पोर्टलवर आई-वडिलांची कागदपत्रं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या, एकवीस पूर्ण झालेल्या मुलाने किंवा मुलीने आई-वडिलांना कायमचं तिकडे बोलावण्यासाठी आय-१३० हा अर्ज भरला आणि यूएससीआयएसने, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, तो मंजूर केला, की फाइल न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला, नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथून मुलाखतीची तारीख मिळेपर्यंतचा बहुतेक सगळा व्यवहार सीईएसी नावाच्या सरकारी पोर्टलवर होतो. आई आणि वडील अशा दोन केसेस आठ महिने या पोर्टलवर चालवून झाल्यावर हे लिहितो आहे. मत आधीच सांगतो : पोर्टल जुनाट दिसतं, पण काम करतं. जीव जातो तो आपल्याकडच्या कागदांतल्या नावांपायी. तयारीचे दिवस तिथे घालवा, पोर्टल शिकण्यात नको.

लॉगिनला खातंही नाही आणि पासवर्डही नाही. सेंटरकडून येणाऱ्या वेलकम लेटरवरचा केस नंबर आणि इनव्हॉइस आयडी, एवढ्यावर दार उघडतं. मुंबईची केस असेल तर नंबर 'बीएमबी'ने सुरू होतो आणि पुढे दहा आकडे असतात. म्हणजे हे दोन नंबर ज्याच्या हाती पडले त्याला तुमची सगळी फाइल उघडता येते. नातेवाइकांच्या ग्रुपवर वेलकम लेटरचा फोटो टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. तो टाकू नका, किंवा निदान इनव्हॉइस आयडी झाकून टाका.

आई-वडिलांच्या बाबतीत प्रत्येकाचा आय-१३० वेगळा, केस वेगळी आणि फीही वेगळी. आर्थिक हमीपत्र तपासण्याचे १२० डॉलर आणि व्हिसा अर्जाचे ३२५, म्हणजे एका केसचे ४४५ आणि दोघांचे मिळून ८९०. पैसे फक्त अमेरिकेतल्या बँक खात्यातून जातात. राउटिंग नंबर आणि खाते क्रमांक टाकायचा असतो, भारतातलं कार्ड इथे चालत नाही. दोन्ही फी स्वतंत्र भराव्या लागतात आणि 'पेड' दिसायला कामाचे काही दिवस जातात. तोवर डीएस-२६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, उघडत नाही. या दिवसांत पुन्हा पुन्हा पैसे भरायचा प्रयत्न करू नका, नुसतं थांबा.

डीएस-२६० भरताना वीस मिनिटं हालचाल झाली नाही तर पान बंद होतं, म्हणून प्रत्येक पानावर सेव्ह करत पुढे जा. वयाच्या सोळाव्या वर्षापासून कुठे कुठे राहिलात ते सगळे पत्ते हा फॉर्म विचारतो. बदलीच्या नोकरीतल्या वडिलांसाठी ही यादी आधी कागदावर करून ठेवावी लागते : गाव, साल, महिना. फॉर्ममध्ये 'इतर नावं' असा एक प्रश्न आहे. बहुतेक जण तिथे 'नाही' लिहून पुढे सरकतात आणि महाराष्ट्रातल्या केसेस नेमक्या इथेच अडकायला लागतात.

उदाहरण घ्या. आईचं माहेरचं नाव सुमन विष्णू जोशी. लग्नात नाव बदलून झालं सुधा माधव कुलकर्णी. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात फक्त 'सुमन', शाळेच्या दाखल्यावर माहेरचं पूर्ण नाव, पासपोर्टवर सासरचं. आपल्याला हे एका नजरेत कळतं. कागद तपासणाऱ्याला लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात हे माहीत असेलच असं नाही, त्याच्यासमोर तीन वेगळ्या बायकांचे तीन कागद असतात. म्हणून नावांची साखळी एकाच ठिकाणी जोडून द्यावी लागते : विवाह नोंदणी दाखला, त्यात लग्नाआधीचं नाव असेल तर उत्तमच; नाव राजपत्रात बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राचं ते पान; आणि 'ही सगळी नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रात प्रत्येक नाव ज्या कागदावर जसं आहे तसंच लिहायचं, कागदाचं नाव आणि तारीख घालून. तीच नावं डीएस-२६० मध्येही 'इतर नावं' म्हणून भरायची. वडिलांच्या बाबतीत स्पेलिंगची भानगड असते. दत्तात्रयच्या शेवटी 'ए' आहे की नाही, नावाला 'राव' कुठे लागला आणि कुठे गळला, हे प्रत्येक कागदावर ताडून बघा.

आता जन्मदाखला. सगळ्यात जास्त कागद इथे परत येतात. १ एप्रिल १९७० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचा नोंदणी कार्यालयाचा दाखला लागतोच. आई-वडील बहुतेक त्याआधीचे असतात. त्यांची नोंद सापडली तर सोन्याहून पिवळं : नगरपालिका, महानगरपालिकेचं वॉर्ड ऑफिस, किंवा गावाकडे तहसील कचेरीतलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. नोंद सापडली नाही तर 'जन्माची नोंद आढळून येत नाही' असा दाखला घ्यायचा आणि त्याला पुरावे जोडायचे. हा दाखला अनेकदा दीड ओळीचा मिळतो : 'सदर नोंद आढळून येत नाही.' कोणाची, कुठली, कुठल्या सालातली, काहीच नाही. असा कागद घेऊन घरी येऊ नका. त्यात व्यक्तीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आई-वडिलांची नावं, कोणत्या सालांची पुस्तकं तपासली ते, सही, गोल शिक्का आणि तारीख हवी. ग्रामसेवकाला मजकूर आधीच टाइप करून दिला तर तो सहसा आनंदाने तसाच काढून देतो.

सोबतचे पुरावे म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन प्रतिज्ञापत्रं. ती वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकांची हवीत : थोरला भाऊ, थोरली बहीण, आत्या, मामा. आपलं नातं काय, जन्माची तारीख आणि गाव कोणतं, आई-वडिलांची नावं काय, आणि हे आपल्याला कसं माहीत, एवढं प्रत्येकात यायला हवं. शेजाऱ्याचं किंवा वयाने लहान माणसाचं प्रतिज्ञापत्र लंगडं पडतं. त्याच्या जन्माआधीची गोष्ट तो स्वतःच्या माहितीने सांगू शकत नाही.

मुलाच्या, म्हणजे अर्जदाराच्या दाखल्याचीही एक अडचण आहे. आपल्याकडे नोंद आधी व्हायची आणि नाव बाराव्या दिवशी बारशाला ठेवलं जायचं. त्यामुळे जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना कोराच राहिला. नाव नसलेला दाखला आई-मुलाचं नातं सिद्ध करत नाही. त्याच नोंदणी कार्यालयात नाव समाविष्ट करून नवी प्रत काढणं हा खरा उपाय. शाळेचे दाखले आणि प्रतिज्ञापत्रं सोबत ठेवा, पण फक्त त्यांवर विसंबू नका.

एक जूनचा प्रश्नही सांगायला हवा. एका पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लिहिली. पासपोर्टवर तीच, आणि गावच्या पुस्तकात मात्र खरी तारीख, समजा आश्विनातली. दोन तारखा एकाच फाइलमध्ये गेल्या की प्रश्न येणारच. वेळ असेल तर जन्मनोंदीच्या आधारे पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्या. नसेल तर फरकाचं कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र दाखल्याच्या फाइलमध्येच घाला. तारीख लपवायला नोंदीचा दाखलाच न देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. मुलाखतीत खोटेपणाचा संशय आला तर व्हिसावर कायमचं पाणी पडू शकतं.

पोलिस दाखला सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला लागतो. भारतासाठी तो पासपोर्ट कार्यालयाचा पीसीसी, म्हणजे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेटच, हवा, फी ५०० रुपये. पोलिस आयुक्तालयाचा चारित्र्य पडताळणी दाखला इथे चालत नाही आणि तोच काढून आणणारे पुष्कळ दिसतात. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पडताळणी लांबते, म्हणून पत्ता आधी सरळ करा. सोळाव्या वर्षानंतर दुबई किंवा मस्कतसारख्या ठिकाणी वर्षभर किंवा जास्त राहणं झालं असेल तर तिथलाही दाखला लागतो. अमेरिकेत नातवंडांकडे येऊन राहिल्याबद्दल अमेरिकन पोलिसांचा दाखला मागत नाहीत, त्यामागे धावू नका. पीसीसी दोन वर्षं धरला जातो, तेव्हा तो सगळ्यात आधी न काढता बाकीची जमवाजमव होत आली की काढा.

मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर जोडायचं असतं. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत छापलेला असेल आणि हाताने भरलेला मजकूर फक्त मराठीत असेल, तरी भाषांतर द्या. भाषांतरकाराने खाली लिहायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे. त्याखाली नाव, सही, तारीख. शिक्क्यातला मजकूर आणि समासातला शेराही भाषांतरात यायला हवा. गोव्यातल्या कुटुंबांकडे पोर्तुगीज काळातली नोंद असते, तिलाही हाच नियम.

आता प्रत्यक्ष फाइल. पीडीएफ किंवा जेपीजी चालते. आकार दोन एमबीच्या आत ठेवला की अडचण येत नाही. त्यासाठी ३०० डीपीआयऐवजी २०० ने स्कॅन करा, पण रंगीतच, कारण काळ्या-पांढऱ्यात जांभळा शिक्का आणि काळी सही एकमेकांत मिसळतात. एका कागदपत्राची एकच फाइल : मूळ कागदाची पुढची बाजू, मागची बाजू, भाषांतर, लागलीच तर प्रतिज्ञापत्रं, याच क्रमाने. मागची बाजू विसरणं ही सर्रास होणारी चूक आहे. आपल्या दाखल्यांवर अर्धे शिक्के मागेच असतात. पान पडद्यावर सरळ दिसलं पाहिजे, मान वाकडी करावी लागता कामा नये. पासवर्ड असलेली किंवा डिजिटल सही असलेली पीडीएफ थेट चढवू नका. सरकारी पोर्टलवरून उतरवलेले दाखले असे असतात. ते छापून घ्या आणि पुन्हा स्कॅन करा.

आर्थिक हमीचा आय-८६४ मुलाने भरायचा. यात सगळ्यात मोठी चूक कुटुंबसंख्येची होते. मुलगा, सून, एक नातू आणि येणारे आई-वडील मिळून पाच जण धरा. दोन केसेस वेगळ्या असल्या तरी उत्पन्न दोघांना धरून पुरतं का ते बघा. २०२५ च्या तक्त्यानुसार पाच जणांसाठी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के म्हणजे सुमारे ४७,०६२ डॉलर. हा आकडा दरवर्षी बदलतो आणि आय-८६४पी या तक्त्यात मिळतो. 'सध्याचं वार्षिक उत्पन्न' या रकान्यात आजच्या पगाराचा वर्षाचा आकडा येतो, मागच्या वर्षीच्या करविवरणातला नाही. सोबत आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याची, टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट (करविवरणाचा अधिकृत गोषवारा) द्या, ती मोफत मिळते आणि सुट्या पानांपेक्षा स्वच्छ असते. नवरा-बायकोने एकत्र विवरण भरलं असेल आणि उत्पन्न एकट्याचंच दाखवायचं असेल तर डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला, जोडा. सही शाईने कागदावर करून मग स्कॅन करायची, टाइप केलेलं नाव चालत नाही. आणि सगळी पानं चढवायची, कोरी सुद्धा. उत्पन्न कमी पडलं तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार होऊ शकतो. त्याचा आय-८६४, कर कागद आणि नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डचा पुरावा वेगळा लागतो.

सगळं चढवल्यावर प्रत्येक ओळीपुढे 'अपलोडेड' दिसतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. काम झालेलं नसतं. आर्थिक आणि नागरी (जन्म, विवाह, पोलिस दाखले) दोन्ही भाग पूर्ण झाल्यावर 'सबमिट डॉक्युमेंट्स' बटण दाबलं आणि ओळीपुढे 'सबमिटेड' आलं, तरच फाइल तपासणीच्या रांगेत लागते. महिनोन्महिने 'अपलोडेड'वर बसून राहिलेल्या केसेस असतात. बटण दाबण्याआधी प्रत्येक फाइल उघडून शेवटपर्यंत बघा, कारण नंतर तपासणी होईपर्यंत बदल करता येत नाही.

सध्या कुठल्या तारखेची कागदपत्रं तपासत आहेत ते सेंटरच्या वेबसाइटवर दिसतं. एक कागद जरी परत आला तरी दुरुस्त करून पुन्हा सबमिट केल्याची नवी तारीख लागते आणि रांगेच्या शेवटी जावं लागतं. पोर्टलची खरी उणीव इथे आहे. ईमेल येतो तो फक्त 'केसमध्ये बदल झाला' एवढाच, तोही कधी स्पॅममध्ये. काय चुकलं ते लॉगिन करून संदेशांत वाचावं लागतं आणि तिथली भाषा ठरावीक असते : 'दाखला स्वीकारार्ह नाही.' मागची बाजू राहिली, भाषांतर राहिलं की नावात फरक आहे, हे बहुतेक वेळा आपणच शोधायचं. म्हणून परत आलेला कागद तसाच पुन्हा चढवू नका. या तीनही गोष्टी तपासा. शंका राहिली तर पब्लिक इन्क्वायरी फॉर्मवर एकच नेमका प्रश्न विचारा. आणि वर्षभर काहीच हालचाल न करता केस पडू देऊ नका, ती रद्द होण्याचा धोका असतो.

दोन्ही केसेस 'डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड' झाल्या, म्हणजे सगळे कागद मान्य झाले, की मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीची तारीख लागण्याची वाट बघायची. आई आणि वडिलांच्या तारखा वेगळ्या येऊ शकतात, म्हणून शक्यतो दोन्ही केसेस एकाच दिवशी सबमिट करा. मुलाखतीला स्कॅन केलेल्या प्रत्येक कागदाचं मूळ, डीएस-२६० चं कन्फर्मेशन पान आणि मुलाचा मूळ जन्मदाखला न्यायचा. वडिलांच्या केसमध्ये आई-वडिलांचा विवाह दाखलाही. तोवर नवं करवर्ष सुरू झालं असेल तर ताजी टॅक्स ट्रान्स्क्रिप्टही छापून फाइलमध्ये वरच ठेवा.