कुत्र्याचं पिल्लू घरी यायच्या आधीच ट्रेनरला बोलवा (नाशिक, आमचा अनुभव)

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. ट्रेनर ताईंचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, त्या एकट्याच काम करतात, नाशिकरोडपासून म्हसरूळपर्यंत स्कूटीवर फिरतात आणि नवीन लोक ओळखीतूनच घेतात, नाव नको लिहू ही त्यांचीच विनंती होती. पण काम इतकं चांगलंय की लिहिल्याशिवाय राहवेना, आणि नुसतं 'छान ट्रेनर, नक्की बोलवा' असं लिहून कोणाचाच फायदा नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

पैशाचं आधी सांगून टाकते. पिल्लू यायच्या आधीची एक व्हिजिट १,२०० रुपये, आणि नंतरचे आठ सेशन मिळून ९,६००. प्रत्येक सेशन साधारण पाऊण तास, ताई घरी येतात. मधल्या दिवसांत काही अडलं तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवायचा, रात्रीपर्यंत त्यांचा व्हॉइस मेसेज येतोच.

आमची भिंगरी देशी आहे. निफाडला सासऱ्यांचा द्राक्षाचा मळा आहे, तिथल्या कुत्रीने डिसेंबरच्या थंडीत पॅकिंग शेडमध्ये बारदानावर पाच पिल्लं दिली, त्यातली ही. निफाडची थंडी माहीतच आहे सगळ्यांना, त्यामुळे आम्ही तर पाच आठवड्यांचीच उचलून आणणार होतो, बिचारी कुडकुडते म्हणून. ताईंनी फोनवरच थांबवलं. म्हणाल्या, शेडला आडोसा करा, बारदानं वाढवा, पण आठ आठवडे आईजवळ राहू द्या, भावंडं एकमेकांना चावतात ना त्यातूनच चावा किती जोरात घ्यायचा ते पिल्लू शिकतं, ते तुम्ही नंतर किती पैसे दिलेत तरी मला तसं शिकवता येणार नाही. तोवर जंताचं औषध चालू करा. आणि हो, सासूबाईंचं एक जुनं लुगडं मागून घेतलं त्यांनी, फाडून दोन तुकडे केले, एक मळ्यावर कुत्रीखाली अंथरायला पाठवला. पिल्लू आणताना तोच तुकडा बरोबर आणायचा. पहिल्या रात्री भिंगरी रडली, नाही असं नाही, पण त्या तुकड्यात नाक खुपसून वीसेक मिनिटांत झोपली. आमच्या पलंगाशेजारीच खोक्यात ठेवली होती, एकटी दुसऱ्या खोलीत ठेवायची नाही हेही ताईंनी बजावलं होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते म्हणजे ती आधीची व्हिजिट. ताई आल्या, पाणी प्यायल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "काकू, मी जरा खालून घर बघते हं," आणि सरळ हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून पिल्लाच्या उंचीवरून सगळीकडे फिरल्या. टीव्हीमागच्या वायरी, डासांचं मशीन, बेसिनखाली ठेवलेला मुंग्यांचा खडू, लेकीची खोडरबरं. बाल्कनीच्या गजांमधून त्यांनी मूठ घालून बघितली, मूठ गेली म्हणजे डोकं जाणार, म्हणून त्याच दिवशी जाळी बांधायला सांगितलं. मग किचनमध्ये गेल्या आणि ओट्याखाली बघून थांबल्याच. आमच्याकडे ओट्याखाली काय असतं ते कुठल्याही नाशिककराला सांगायला नको, एका बाजूला कांद्याची टोपली आणि जानेवारी ते मार्च मळ्यातून आलेली द्राक्षाची पेटी, उघडीच. दोन्ही कुत्र्यांना विषासारखं! द्राक्षं आणि बेदाणे-मनुका खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ली की होतं याचा नेमच नाही, एखाद्याला थोडकीच बाधतात. कांदा-लसणाने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि कच्चाच नाही, शिजवलेलाही चालत नाही. म्हणजे उरलेला रस्सा, आमटी-भात, कांदा-लसूण मसाला घातलेलं काहीही कुत्र्याला नाही. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला कारण मळ्यावर आयुष्यभर कुत्र्यांना भाकरी-कालवणच घातलंय. ताईंनी वाद नाही घातला. "काकू, फोडणीच्या आधी हिची वाटी बाजूला काढत जा, डाळ-भात-अंडं, मीठमसाला काही नको, करणार तुम्हीच," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून भिंगरीची वाटी सासूबाईच काढतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

चॉकलेट, शुगरफ्री च्युइंगममधलं झायलिटॉल आणि शिजवलेली कोंबडीची हाडं हेही यादीत होतं. यादी फ्रिजवर लावलीये.

आणि फ्रिजवर दुसरा कागद आहे शब्दांचा. तोही त्याच दिवशी ठरला, पिल्लू घरात नसतानाच. ताईंनी चौघांना एकेक करून विचारलं, पिल्लाला बसवायचं तर काय म्हणाल? लेक म्हणाली 'सिट', हे म्हणाले 'सिट डाऊन', मी 'बस', सासूबाई 'खाली बस गं बाई'. डाऊन म्हणजे आडवं होणं असं पुढे शिकवायचं असेल तर 'सिट डाऊन'मध्ये पिल्लाने काय समजायचं? मग घरात सगळ्यात जास्त वेळ असणारी व्यक्ती जी भाषा बोलते तीच ठेवायची असं ठरलं, म्हणजे सासूबाईंची. बस, थांब, ये, सोड, जागेवर, शू कर. सहा शब्द. 'नको'ला शब्दच ठेवला नाही, कारण नको-नको तर आपण दिवसभर म्हणतो, त्याला काही किंमत राहत नाही.

इथे थोडं मागचं सांगावंसं वाटतं. आमच्याकडे आधी लॅब्रेडॉर होता, राजा. त्याला सहा महिन्यांचा असताना ट्रेनर लावला होता, तेव्हा आम्हाला काहीच कळत नव्हतं, त्या माणसाने चोक चेन (ओढली की गळ्याला आवळणारी साखळी) आणली आणि झटका देऊन देऊन बसायला शिकवलं. राजा बसायचा हो, एकदम कडक बसायचा. पण अकरा वर्षं जगला आणि शेवटपर्यंत कोणी पंख्याचं बटण लावायला हात वर केला तरी तो मान खाली घालून जमिनीला चिकटायचा. आम्ही त्याला कधी बोट लावलं नाही पण तो हात विसरला नाही. ताईंना मी पहिल्याच फोनवर हे सांगितलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पहिल्या सेशनला येताना कुठलीही चेन, काठी काही आणलं नाही, पिशवीतून उकडलेल्या चिकनचे मुगाएवढे तुकडे काढले. तुकडा भिंगरीच्या नाकाजवळ धरला, हळूच डोक्यावरून मागे नेला, नाक वर गेलं तसा मागचा भाग आपोआप खाली टेकला, टेकल्याक्षणी "हां!" आणि तुकडा तोंडात. असं सहा-सात वेळा. मग तुकडा नसलेला नुसता हात. 'बस' हा शब्द तर शेवटी आला, ती बसायला लागल्यावर. मला वाटायचं शब्द आधी शिकवतात. ताई म्हणाल्या, आधी कृती पक्की होऊ द्या, मग तिला नाव द्या. तीन मिनिटं झाली की थांबवायचं, दिवसातून चार-पाच वेळा, बास. पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात, झोप मोडून शिकवलं तर चावरी होतात.

शू-शीचं तंत्र सांगते कारण सगळ्यांचा जीव तिथेच मेटाकुटीला येतो. साधारण जितके महिने वय त्यात एक मिळवायचा, तितके तास पिल्लू धरून ठेवू शकतं, म्हणजे दोन महिन्यांचं असेल तर फार तर तीन तास. शिवाय झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच न्यायचं, दरवेळी त्याच जागी. झालं की बक्षीस तिथेच, त्याच क्षणी, घरात येऊन दिलं तर तिला वाटणार घरात आल्याचं मिळालं. आम्ही रात्री दीड आणि साडेचारचे अलार्म लावले, आळीपाळीने उठलो, तीन आठवडे. घरात झालं तर ओरडायचं नाही, नाक घासायचं तर अजिबातच नाही, त्याने पिल्लू लपून करायला शिकतं. आणि फिनेल बंद! आपल्याला फिनेलचा वास येतो पण कुत्र्याला खालचा शूचा वास येतच राहतो, शिवाय कुत्री पंजे चाटतात, म्हणजे फिनेल पोटात. एन्झाइमवालं लिक्विड मिळतं ते वापरलं. साडेतीन महिन्यांची होईपर्यंत घरातले अपघात जवळजवळ थांबले.

लसींचं एक कोडं होतं. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांत जे बघतं-ऐकतं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं, आणि नेमक्या त्याच काळात लसी पूर्ण झालेल्या नसतात, पार्व्होच्या (पिल्लांना होणारा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा आजार) भीतीने खाली सोडता येत नाही, आमच्या डॉक्टरांनी सोळा आठवड्यांपर्यंत डोस दिले आणि रेबीजची तीन महिन्यांनंतर. ताईंचा उपाय साधा होता, जमिनीवर नाही ना, मग झोळीत. मी दोन महिने ओढणीच्या झोळीत भिंगरीला घेऊन फिरले, रविवार कारंजा, भाजीबाजार, शाळा सुटताना गेटसमोर, घंटागाडी आली की खाली. घरी कुकरची शिट्टी, मिक्सर, आणि मोबाइलवर फटाके आणि ढोल, जेवताना, आधी अगदी बारीक आवाजात आणि आठवड्या-आठवड्याने थोडा मोठा. घाबरली असं दिसलं की पुन्हा कमी. गणपतीच्या आधी पथकांचा सराव सुरू झाला तेव्हा भिंगरी कान वर करून ऐकत बसली, पळाली नाही. ज्यांनी नाशिक ढोल जवळून ऐकलाय त्यांना कळेल हे किती मोठं आहे. दिवाळीत मात्र सुतळी बॉम्बला दोन-तीनदा पलंगाखाली गेली, पण खाऊ दाखवल्यावर बाहेर आली, राजा तर दोन दोन दिवस जेवायचा नाही.

वस्तूंबद्दल थोडक्यात. ताई यायच्या आधी मी ऑनलाइन एक 'पपी किट' मागवलं होतं, कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, पैसे वाया गेले. जाड फोमची गादी दोन दिवसांत फाडली आणि फोम गिळायला लागली म्हणून उचलली, त्याजागी गोधडी. लाल चेंडू हिरवळीवर तिला दिसेचना, कुत्र्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, निळं-पिवळं छान कळतं, पिवळा टेनिस बॉल आणला तर लगेच धावली. शू-पॅड तर उलटे पडले, मऊ जमिनीवर करायचं असं शिकून तिने दारातलं पायपुसणं धरलं. ओढला की लांबत जाणारा दोरीचा पट्टाही नको, त्याऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस आणि भद्रकालीतून आणलेला पाच मीटर सुती दोर. दात येताना (दुधाचे अठ्ठावीस पडून बेचाळीस येतात, साधारण चार ते सहा महिन्यांत) ओला करून गाठ मारलेला नॅपकिन फ्रीझरमध्ये ठेवून चघळायला द्यायचो, याच्यापुढे सगळी महागडी खेळणी मागे पडली.

आता अर्धा स्टार. एक म्हणजे शनिवार-रविवार ताई घेतच नाहीत, त्यामुळे यांना आठपैकी दोनच सेशन मिळाले आणि भिंगरी यांचं ऐकत नाही ते अजून तसंच आहे. दोन, पट्टा न ओढता चालणं हा भाग फार कमी झाला, शेवटच्या दीड सेशनमध्ये उरकल्यासारखा. रस्त्यावरचं दुसरं कुत्रं दिसलं की भिंगरी आजही खेचते, सासूबाईंना एकटीने फिरवता येत नाही. मी ताईंना हे तोंडावर सांगितलंय, त्यांनी मान्यही केलं. लिफ्टमध्ये कुत्रं नको म्हणून सोसायटीत थोडं झालं होतं, तेव्हा मात्र ताईंनीच ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांची प्रत पाठवली, सेक्रेटरी काकांनी वाचली आणि विषय मिटला. तुम्ही आमच्या बाजूने महापालिकेचं लायसन्स आणि लसीचं कार्ड तयार ठेवा, असंही त्या म्हणाल्या होत्या, ते आम्ही ठेवलंय.

मार्चमधलं एक राहिलं. पेटी आता वर माळ्यावर असते, पण लेक बशीत द्राक्षं घेऊन टीव्हीसमोर बसली होती आणि एक मणी घरंगळत खाली गेला. भिंगरीचं तोंड तिथे पोचलं होतं. मी किचनच्या दारात, हातात कणीक, पाच-सहा पावलं लांब. सासूबाई सोफ्यावरूनच म्हणाल्या, "सोड." ओरडल्या नाहीत. भिंगरीने द्राक्ष तसंच टाकलं आणि त्यांच्या गुडघ्याशी जाऊन बसली, बक्षिसाची वाट बघत. सासूबाईंच्या पदराला गाठ होती, त्यातून त्यांनी फुटाणा काढून दिला. मी ते द्राक्ष उचललं तर त्यावर दाताची खूणही नव्हती.

पुढच्या महिन्यात ताईंचे अजून दोन सेशन घेतोय, फक्त चालण्यासाठी, संध्याकाळी उशिराचे, म्हणजे हेही घरी असतील. ज्यांना पिल्लू आणायचंय आणि ताईंचा नंबर हवाय त्यांनी मला मेसेज करा, त्यांना विचारून देईन. फक्त पिल्लू आणायची तारीख ठरली की लगेच करा, त्यांचं वेटिंग तीन आठवड्यांचं असतं.