रेव्हिटमध्ये दिलेली ड्रॉइंग्ज जपणं : जवळजवळ वर्षभर वापरल्यानंतर

आधीच सांगते, रेव्हिटवर, म्हणजे इमारतीचं मॉडेल बनवून त्यातून ड्रॉइंग्ज काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर, माझा राग नाही. पुण्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात वर्किंग ड्रॉइंग्ज आता त्यातच होतात आणि त्यासाठी परत रेषा ओढून नकाशा काढायच्या ऑटोकॅडकडे वळायला कुणी तयार नाही. पण ‘अमुक तारखेला कुणाला काय दिलं होतं?’ या प्रश्नाचं रेव्हिट अर्धंच उत्तर देतं. ते अर्धं आहे हे पटकन लक्षात येत नाही, म्हणून हे लिहितेय.

रेव्हिजन्सचा, म्हणजे ड्रॉइंगमधल्या बदलांच्या नोंदींचा, डायलॉग उघडला की तारीख, वर्णन, कुणाला दिलं, कुणी दिलं असे रकाने आणि ‘इश्यूड’ची (दिलं गेलं) चौकट दिसते. तिथे टिक केली की ती ओळ बंद. त्या रेव्हिजनचे क्लाउड (बदललेल्या भागाभोवतीचे ढगासारखे घेर) हलवता येत नाहीत, नवे काढता येत नाहीत. शीटच्या टायटल ब्लॉकमधला (कडेच्या माहितीच्या चौकटीतला) तक्ता आपोआप भरतो. ‘रेव्हिजन्स ऑन शीट’मधून क्लाउड न काढताही शीटवर रेव्हिजन चढवता येते, पहिल्या इश्यूला हे फार सोयीचं. नंबर प्रोजेक्टनुसार ठेवायचे की शीटनुसार, हेही ठरवता येतं. आम्ही शीटनुसार ठेवले, नाहीतर एखादं ड्रॉइंग पहिल्यांदाच बदलतं आणि त्यावर थेट आर-फोर (चौथी रेव्हिजन) येतं, मग कॉन्ट्रॅक्टर मधले तीन मागत बसतो.

पण बंद होते ती नोंद. मॉडेलमधली भिंत मोकळीच राहते. आज टॉयलेटचा संक (तिथला स्लॅब किती खाली घ्यायचा ते माप) बदलला की तीन महिन्यांपूर्वी ‘इश्यूड’ केलेल्या शीटवरही नवाच आकडा दिसतो, कारण शीट मॉडेलमधूनच येतं. इश्यूचं रजिस्टर म्हणून रेव्हिट चोख आहे, दिलेली ड्रॉइंग्ज ठेवायचं कपाट मात्र आपलं आपण आणायचं.

काही जण शीटची कॉपी काढून तिला आर-झिरो नाव देतात. उपयोग शून्य. व्ह्यू डुप्लिकेट केला तरी तो बघतो त्याच मॉडेलकडे, डायमेन्शनसुद्धा बदलतात. फेजेस वापरून आवृत्त्या सांभाळायचा उद्योगही मी पाहिला आहे. फेज म्हणजे बांधकामाचा टप्पा, त्यात कागदपत्रांचा इतिहास कोंबला की पाडकामाचे प्लॅन पार गंडतात.

आमच्याकडे आता असं बसलंय. इश्यूच्या दिवशी आधी पीडीएफ. 2022 च्या आवृत्तीपासून रेव्हिट स्वतःच पीडीएफ काढतं आणि फाइलचं नाव शीट नंबर, चालू रेव्हिजन यांवरून आपोआप बनवता येतं. ही एक सोय मिळाली म्हणून ऑफिसातली ‘फायनल’, ‘फायनल टू’, ‘फायनल खरं’ ही नावं संपली. मग मॉडेल सेंट्रलपासून (सगळ्यांच्या सामाईक फाइलपासून) डिटॅच करून वेगळं सेव्ह. लिंक केलेल्या फाइली त्यात येत नाहीत, त्या ई-ट्रान्समिटने (जोडलेल्या फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनाने) गोळा करायच्या. कन्सल्टंटला डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) द्यायची तर एक्स्पोर्ट करताना शीटवरचे व्ह्यू एक्सरेफ, म्हणजे बाहेरून जोडलेल्या वेगळ्या फाइली, म्हणून काढायची टिक बंद करायची. चालू राहिली तर एका शीटमागे फाइलींचा ढीग येतो आणि त्यातली एखादी हमखास हरवते. शेवटी तो फोल्डर रीड-ओन्ली.

याचा फायदा कुठे झाला? साइटवरून सुपरवायझरचा फोन : ‘मॅडम, तुमच्याच ड्रॉइंगमध्ये संक तीनशे आहे.’ मॉडेलमध्ये दोनशे. फोल्डर उघडला. आर-वनच्या पीडीएफमध्ये तीनशे, आर-टूमध्ये त्याच टॉयलेटभोवती क्लाउड आणि दोनशे, ट्रान्समिटलवर (ड्रॉइंग दिल्याच्या पोचपत्रावर) त्यांच्याच माणसाची सही. साइटच्या भिंतीवर आर-वन चिकटलेला होता. एरवी अशा वादात अख्खी दुपार जाते.

महापालिकेच्या सबमिशनची गोष्ट वेगळी. ऑटो-डीसीआरला (नकाशा बांधकाम नियमांत बसतो का ते तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला) ठरावीक लेयरमधली डीडब्ल्यूजी लागते, त्यामुळे मंजुरीचा सेट ऑटोकॅडमध्येच राहतो. आणि तो जपणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण रिव्हाइज्ड सँक्शनला जाताना आधीच्या मंजूर नकाशाशी तुलना होते. शिवाय 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 14 आहेच : मंजूर नकाशाप्रमाणे बांधायचं, आणि इमारतीच्या किंवा सामाईक जागांच्या आराखड्यात बदल करायचा तर दोनतृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती. मंजूर काय होतं हेच दाखवता आलं नाही, तर बदल कशात झाला हे कसं सांगणार?

ऑटोकॅडमधला खड्डा म्हणजे एक्सरेफ. वर्षभरापूर्वीचा फोल्डर उघडावा आणि आत आजचाच प्लॅन दिसावा, कारण पाथ अजून चालू बेस फाइलकडे जातोय. म्हणून ई-ट्रान्समिट करताना एक्सरेफ बाइंड करायचे (मुख्य फाइलमध्येच मिसळून टाकायचे) आणि फॉन्ट सोबत घ्यायची टिक करायची. ती मराठी ऑफिसांनी विसरूच नये. टायटल ब्लॉकमधलं मालकाचं नाव जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात असेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याची नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं होतात. दोन सेटमधला फरक बघायला ऑटोकॅड 2019 पासून डीडब्ल्यूजी कम्पेअर आहे, रिव्हाइज्ड सबमिशनच्या आधी मी तो न चुकता चालवते.

एक गोष्ट अजून खटकते. जपलेली आरव्हीटी, म्हणजे रेव्हिटच्या मॉडेलची फाइल, पुढच्या वर्षीच्या रेव्हिटमध्ये उघडली की अपग्रेड होते, आणि सेव्ह केली की जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. म्हणून आम्ही मूळ फाइलला हात लावत नाही, कॉपी काढून तीच उघडतो. पुरावा पीडीएफचा, आरव्हीटी फक्त पुढच्या कामासाठी.

पाचपैकी साडेतीन देईन. ‘इश्यूड’वर टिक केल्याक्षणी त्या शीटची पीडीएफ त्याच ओळीला जोडली गेली असती, तर साडेचार दिले असते.