सायलेन्सर "मोकळा करून देतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा

गाडी पिकअप घेत नाही म्हणून गॅरेजला नेली आणि मिस्त्री म्हणाला की सायलेन्सर चोक झालाय, आतली जाळी काढून मोकळा करून देतो, ॲव्हरेजही वाढेल, तर तिथूनच चावी परत घ्या. माझ्या गाडीतली जाळी अशीच गेली. अंबाजोगाई, परळी, केज, लातूर या पट्ट्यात जुनी छोटी गाडी सांभाळून वापरणारे शिक्षक, दुकानदार, शेतकरी पुष्कळ आहेत. नवी घ्यायची ऐपत नसते, आहे ती नीट चालावी आणि खर्च आवाक्यात राहावा एवढंच त्यांना हवं असतं. नेमक्या अशाच लोकांवर हा डाव टाकला जातो, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

माझी गाडी २०१६ची वॅगनआर, सेकंड हँड घेतलेली, एमएच ४४ पासिंग. शाळेत जाणं-येणं, अण्णांना दवाखान्यात नेणं, नवरात्रात तुळजापूर आणि लग्नसराई एवढाच तिचा वापर. ऑइल, एअर फिल्टर, कूलंट वेळेवर बदलायचं आणि बाकी हौसेला पैसे घालायचे नाहीत, असा माझा हिशेब.

जिल्हा परिषदेच्या कामासाठी बीडला गेलो होतो. येताना मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडी दमायला लागली. दुसऱ्या गिअरवर पाय दाबला तरी ओढ नाही, मधूनच हिसका बसायचा आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. सपाटीला लागली की बरी चालायची. ज्याला गाडीतलं कळतं तो लगेच म्हणेल, एक सिलिंडर मिस मारतोय, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही. वॅगनआरला तीनच सिलिंडर, त्यातला एक थंड पडला तर घाटात जीव राहत नाही. दिवा नुसता पेटून राहण्याऐवजी लुकलुकत असेल, तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

कामानिमित्त लातूरला जाणं झालं तेव्हा तिथल्या एका गॅरेजला गाडी दाखवली. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. मालकाने बॉनेट उघडलं, गाडी रेस केली, मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडावर हात धरला आणि मलाही हात धरायला लावला. "बघा सर, हवाच फेकत न्हाई. चोक झालाय पूर्ण. गाडीला श्वास घेता येईना." मग त्याने सांगितलं की कंपनी आत एक जाळी बसवते, ती फक्त प्रदूषणासाठी असते, इंजिनाला तिचा काडीचा उपयोग नाही. ती काढली की फ्री फ्लो होतो, पिकअप वाढतो, लिटरमागे दोन-तीन किलोमीटर जास्त मिळतात. नवी जाळी बसवायची तर खर्च डोक्याच्या वर आणि हे काम मात्र दोन हजार दोनशेत. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला नाही, सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे प्लग काढून दाखवले नाहीत.

संध्याकाळी गाडी हातात आली तेव्हा खरोखर पळत होती. आवाज किंचित जाड झाला होता, पण ओढ पहिल्यासारखी होती. परतीच्या वाटेवर समाधान वाटलं. या डावाची खरी मेख इथेच आहे आणि ती पुढे कळेल.

ही जाळी म्हणजे काय, ते आधी सांगतो. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं "कॅट". पत्र्याच्या डब्यात सिरॅमिकचा एक ठोकळा असतो, मधाच्या पोळ्यासारखा बारीक भोकांचा. त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. इंजिनातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे विषारी वायू त्या थरावरून जाताना बरेचसे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साध्या नायट्रोजनमध्ये बदलतात. हे तीनही धातू अत्यंत महाग. म्हणून ही जाळी भंगारात किलोच्या भावाने जात नाही, तिचे वेगळे गिऱ्हाईक असतात आणि ते हजारांत पैसे मोजतात. इको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून कापून नेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये कितीदा आल्या, त्या याच धातूंपायी. तिथे चोराला अंधारात गाडीखाली शिरावं लागतं. इथे मालक स्वतः चावी देतो आणि वर मजुरीही देतो.

काही आठवड्यांनी चेक इंजिनचा दिवा पुन्हा पेटला, या वेळी न लुकलुकता. गॅरेजला फोन केला तर मालक म्हणाला, "सेन्सर जुना झालाय, घेऊन या, फुकटात करून देतो." घेऊन गेलो. पोऱ्या गाडीखाली शिरला, थोड्या वेळात बाहेर आला, दिवा गेलेला. पैसे खरंच घेतले नाहीत, उलट चहा पाजला.

त्याच सुमारास अण्णा मागच्या सीटवर बसले की डोळे चुरचुरतात म्हणायला लागले. त्यांना आधीच दम्याचा त्रास. सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाला गाडी उभी राहिली की उग्र वास आत यायचा. एसी लावला तरी जायचा नाही. मला वाटलं पुढच्या ट्रकचा धूर असेल.

पीयूसी संपली तेव्हा खरी गोष्ट बाहेर यायला सुरुवात झाली. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला, म्हणजे उभ्या जागी इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, २०० पीपीएमच्या (दहा लाखांत २०० भाग) आत लागतं. माझ्या गाडीचे दोन्ही आकडे कितीतरी पट वर. पीयूसीवाला म्हणाला, थोडे जास्त द्या, सर्टिफिकेट काढून देतो. मी नको म्हणालो. घरात दम्याचा माणूस असताना मला कागद नको होता, त्या धुरात काय आहे ते हवं होतं.

गावातल्या चाचांकडे गेलो. वय झालेलं, छोटंसं गॅरेज, पण हाताला खोटं काम माहीत नाही. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, खाली सरकले आणि पान्याने कॅटच्या डब्यावर टकटक केलं. भरलेला डबा दबका वाजतो. हा रिकाम्या पातेल्यासारखा वाजला. मग मला खाली बोलावलं. डब्याच्या कडेला गोल फिरलेली वेल्डिंगची रेघ होती, आजूबाजूचा पत्रा गंजून तांबूस झालेला आणि रेघेवर मात्र सिल्व्हर पेंट मारलेला. रेघेला एका जागी सुईएवढं भोक राहिलं होतं, त्याभोवती काजळी. धूर तिथूनच गाडीखाली सुटत होता. चाचांनी डब्याजवळचा ऑक्सिजन सेन्सर काढला आणि त्या भोकात मोबाइलचा उजेड मारला. जाळीची चौकोनी भोकं दिसायला हवी होती, तिथे समोरची पत्र्याची भिंत दिसली. "सर, ह्याच्यात जाळीच न्हाई. कोरून काढली सगळी."

मागच्या सेन्सरखाली बोटाच्या पेरापेक्षा थोडा लांब असा पोकळ नट बसवलेला निघाला. तेच ते "फुकटात करून दिलेलं" काम. कॅटच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन सेन्सर असतात. मागचा सेन्सर जाळी काम करते की नाही ते बघतो, करत नसेल तर कॉम्प्युटर पी-०४२० हा कोड टाकून दिवा पेटवतो. नट लावून सेन्सर धुराच्या झोतापासून मागे ओढला की तो फसतो आणि दिवा जातो. विष तसंच सुटत राहतं, फक्त मालकाला कळायची वाट बंद होते.

आणि मग चाचांनी प्लग काढले. तीनपैकी दोन जुने, टोकाशी तपकिरी झालेले. तिसरा कोरा, पोर्सेलीन पांढरंशुभ्र. म्हणजे लातूरच्या माणसाला पहिल्याच दिवशी कळलं होतं की एक प्लग गेलाय. शे-दीडशे रुपयांचा प्लग बदलून त्याने गाडी दुरुस्त केली, मला सांगितलं नाही, आणि आलेल्या पिकअपचं श्रेय जाळी काढण्याला दिलं. बिलाच्या नावाखाली दिलेल्या साध्या चिठ्ठीवर प्लगचा उल्लेखही नाही, फक्त "सायलेन्सर काम २२००". जाळी चोक झाली असा त्याचा प्रामाणिक गैरसमज असता तर मी एवढा पेटलो नसतो. गैरसमज नव्हता. त्याला दोष कुठे आहे ते माहीत होतं, आणि म्हणूनच ते झाकून ठेवलं.

फोटो घेऊन परत गेलो. आधी म्हणाला, "तुम्हीच तर मोकळा करा म्हणले होते." जाळी कुठंय विचारलं तर भंगारवाला घेऊन गेला. मी लेखी तक्रारीची भाषा केल्यावर दोन हजार दोनशे पुढे केले आणि मिटवून टाका म्हणाला. मी घेतले नाहीत. कंपनीच्या नव्या कन्व्हर्टरचा भाव पाच आकडी आहे आणि ते पैसे मला उसने काढावे लागले. बाजारात त्याच्या निम्म्याहून कमी भावाचे लोकल कन्व्हर्टरही मिळतात. चाचांनी ते लावू दिले नाहीत, त्यात धातूचा थर नावालाच असतो आणि थोड्या दिवसांत दिवा पुन्हा येतो असं त्यांचं म्हणणं.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. कन्व्हर्टर खरोखर चोक होऊ शकतो. सिलिंडर बराच काळ मिस मारत राहिला तर न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं आणि सिरॅमिक वितळतं. ऑइल खाणाऱ्या इंजिनानेही जाळी भरते. पण ते हात धरून कळत नाही. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावून धुराचा मागे साचणारा दाब मोजता येतो, स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे आकडे बघता येतात. मिसफायर कुठल्या सिलिंडरचा आहे तेही स्कॅनर सांगतो, उदाहरणार्थ दुसऱ्या सिलिंडरला पी-०३०२. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा साधा ओबीडी स्कॅनर आता हजार रुपयांच्या आतही मिळतो आणि जुनी गाडी वापरणाऱ्या घरात तो असावा, असं माझं ठाम मत झालंय. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा, कोड वाचायचा, स्क्रीनशॉट काढायचा आणि मगच गॅरेजला जायचं. कोड हातात असलेल्या माणसाशी मिस्त्री वेगळं बोलतो.

दुसरं, गाडीतून निघालेला प्रत्येक जुना पार्ट मागून घ्या. तो तुमचा आहे. काम सुरू व्हायच्या आधी, चावी देतानाच सांगा की जुनं सामान डिकीत ठेवा. ही सवय फक्त कॅटपुरती नाही. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बदलला म्हणून पैसे घ्यायचे आणि जुन्यालाच नवे कार्बन ब्रश घालून पुसून बसवायचा, हेही चालतं. जुना पार्ट मागितला की असली कामं बहुतेक तिथेच थांबतात. आणि सायलेन्सरचं काम कुठल्याही कारणाने करायचं असेल, तर आधी गाडीखाली जाऊन डब्याचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

जाळी काढलेली गाडी रस्त्यावर पकडली गेली तर जबाबदारी चालवणाऱ्यावर आणि मालकावर येते, गॅरेजवाला कुठेच नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये धुराची मर्यादा मोडल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सला मुकावं लागतं.

ज्यांनी सेकंड हँड गाडी घेतली आहे किंवा मागे कधी सायलेन्सरचं काम करून घेतलंय, त्यांनी थंड इंजिनावर, पक्क्या स्टँडवर गाडी घेऊन विश्वासाच्या माणसाकडून डबा वाजवून, वेल्डिंगची रेघ आणि सेन्सरखालचा नट बघून घ्या. नुसत्या जॅकवर कुणी खाली शिरू नका. रिकामा निघाला तर काही हलवायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, गॅरेजची चिठ्ठी कितीही साधी असली तरी जपून ठेवा, ऑनलाइन पैसे दिले असतील तर त्याची नोंद काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही दावा लावता येतो, म्हणून गॅरेज लातूरचं असूनही माझी तक्रार बीडला आहे. मुदत दोन वर्षांची, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. माझ्या तक्रारीला चाचांनी स्वतःच्या सहीचं लेखी निवेदन जोडलंय आणि तिन्ही प्लग पाकिटात घालून सोबत दिलेत.