लाँग आर्म किटच्या नावावर १,४३,९५० रुपये गेले, जीपवाल्यांनो वाचा

कोणाला सांगायला गेलो की "गेले असतील वीस-पंचवीस हजार" म्हणून लोक मोकळे होतात, म्हणून आकडा आधीच लिहितो. जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलला (दोन चाकं जोडणारा आडवा कणा) धरणाऱ्या लांब दांड्यांच्या किटचे ९६,०००, मग "लोखंडाचा भाव वाढला" म्हणून ११,५००, ट्रान्सपोर्टचे ३,८५०, इथल्या मिस्त्रीची मजुरी १४,००० आणि सगळं काढून परत जुन्या धर्तीचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसवायचे १८,६००. बेरीज १,४३,९५०. हा कापसाचा चुकारा होता, वर्षभर उन्हातान्हात राबून आलेला.

गाडी माझी महिंद्राची जुनी जीप एमएम ५४०, पुढे-मागे पाटेच. पैनगंगेच्या काठाला आमचं गाव, पांदण रस्ता म्हणजे पावसाळ्यात नुसती काळी माती, चाकाला थापून बसते. फवारणीचे ड्रम, खताची पोती, कधी पेशंट, सगळं हीच जीप वाहते आणि दिवाळीनंतर आम्ही चार-पाच जीपवाले टेकड्यांवर, नाल्यात जातो तो शौक वेगळा. पुढचे पाटे दरवर्षी तुटत, नाल्यात आडवं उतरलं की एक चाक हवेत. म्हणून ठरवलं की पुढून पाटे काढायचे, कॉइल स्प्रिंग आणि लाँग आर्म टाकायचे. यात चुकीचं काय होतं ते मला अजून कोणी सांगितलं नाही.

तो माणूस व्हिडिओवरून सापडला. दुकानाचं नाव, बोर्ड, मागे उभ्या दोन-तीन जीपा, सगळं दिसत होतं. नाव इथं लिहीत नाही, केस चालू आहे. ही लोकं कशी असतात तुम्हाला माहीतच आहे, अर्धा अ‍ॅडव्हान्स, मग काहीतरी अडचण, मग "डिस्पॅचच्या आधी फुल पेमेंट." पण हा बोलायला असा तयार की माणूस गार पडावा. टायरची साइज विचारली, किती इंच उचलायची विचारलं, इंजिनचा सम्प (खालची तेलाची टाकी) अ‍ॅक्सलच्या किती वर आहे याचा फोटो मागवला. फसवणारा माणूस सम्पचा फोटो मागतो का? म्हणून विश्वास बसला.

आणि मी अडाण्यासारखा नव्हतो गेलो. महिनाभर हे दांडे लावायच्या पद्धती वाचल्या होत्या. रेडियस आर्म म्हणजे दोन्ही बाजूला एकेक दांडा, अ‍ॅक्सलला दोन जागी पक्का आणि चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, एका जागी. साधा, मजबूत, १९६६ च्या पहिल्या फोर्ड ब्रॉन्कोला पुढून तोच, १९७० च्या रेंज रोव्हरला तोच, सुझुकी जिम्नीलाही तोच. पण एक चाक वर अन् एक खाली गेलं की दोन्ही दांडे मिळून अ‍ॅक्सलच्या हाउसिंगलाच पिळायला बघतात, तो सगळा ताण सांध्यातल्या लवचिक बुशवर येतो, म्हणून चाक मोकळं लोंबत नाही. थ्री लिंकमध्ये खाली दोन दांडे, वर एकच, आणि आडवा पॅनहार्ड रॉड, जो अ‍ॅक्सलला डाव्या-उजव्या बाजूला सरकू देत नाही. हा मोकळा चालतो, पण ब्रेक मारला की अ‍ॅक्सल फिरायला बघतो आणि त्याला अडवायचा मोठा भार त्या वरच्या एकट्या दांड्यावर, म्हणून त्याचं ब्रॅकेट आणि बोल्ट दणकट पाहिजे. लांब दांड्याचा फायदा एवढाच की गाडी उचलल्यावरही दांडा फार तिरपा होत नाही, चाक वर-खाली जाताना अ‍ॅक्सल मागं-पुढं कमी सरकतो, कॅस्टर, म्हणजे चाक वळतं त्या खिळीचा पुढे-मागे कल, कमी बदलतो. तोटा हा की चेसिसकडचं ब्रॅकेट पार पोटाखाली मधात येते, दगडाला तेच पहिले घासते आणि आपल्या काळ्या मातीत नांगर धरल्यासारखं चालते.

मी थ्री लिंक मागितला होता. मेसेज आहे माझ्याकडे, "थ्री लिंक विथ पॅनहार्ड, ३६ इंच आर्म, ६ एमएम सीमलेस पाइप." त्याचं उत्तर "डन भाऊ."

आता ते ड्रॉइंग. अ‍ॅडव्हान्सचे ४८,००० गेल्यावर त्याने रात्री दहाच्या पुढं एक ड्रॉइंग पाठवलं. चार दांडे होते, खाली दोन, वर दोन, आणि पॅनहार्ड रॉड नव्हताच. मी विचारलं, लगेच विचारलं, की भाऊ पॅनहार्ड कुठं आहे. तर म्हणे हा अपग्रेड आहे, फोर लिंक, याला पॅनहार्ड लागतच नाही, त्याच पैशात देतो. आणि हे अर्धं खरं आहे, इथंच त्याने मारलं! पॅनहार्डशिवाय फोर लिंक असतो, पण त्यात वरचे दोन दांडे इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे लागतात, तेव्हा ते अ‍ॅक्सलला डाव्या-उजव्या बाजूला सरकू देत नाहीत. ड्रॉइंगमध्ये चारही दांडे एकमेकांना समांतर होते. सरळ. चार समांतर दांड्यांनी अ‍ॅक्सल आडवा धरला जाणारच नाही, हे कागदावर दिसत होतं. आणि पुढच्या बाजूला तिरपे दांडे टाकायला जागा तरी कुठं असते, मधात सम्प बसलेला. टाकले तरी अ‍ॅक्सल सरळ वर जातो आणि स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा, ड्रॅग लिंक, मात्र आपल्या गोलाईत फिरते, म्हणजे खड्ड्यात गाडी आपोआप वळते. पॅनहार्ड रॉड ड्रॅग लिंकला समांतर आणि जवळजवळ तेवढ्याच लांबीचा ठेवतात तो याच्याच साठी.

ते ड्रॉइंग मी आता शंभरदा पाहिलं असेल आणि दर वेळी अंगाची आग होते. पण त्या दिवशी वेचणीची बाई-माणसं सांभाळून, जिनिंगवर रात्र काढून आलेल्या माणसाला मोबाइलच्या बोटभर स्क्रीनवर दांडे समांतर आहेत की तिरपे हे दिसते का? समोरचा स्वतःला कारागीर म्हणवतो, पैसे घेतो, बरोबर ड्रॉइंग देणं त्याचं काम होतं. आणि ४८,००० आधीच गेलेले. तुमच्यापैकी कोणाला असं ड्रॉइंग आलं तर वरून पाहिलेला नकाशा मागा, प्रिंट काढा, पट्टी ठेवून बघा. ड्रॉइंग मंजूर केल्याशिवाय रुपया देऊ नका.

मग ११,५००. मग उरलेले ४८,०००. हे पाठवताना यूपीआयवर दुकानाचं नाव नाही, कोण्या बाईचं नाव दिसलं. विचारलं तर "मिसेसचं अकाउंट आहे, जीएसटीचा लफडा नको." आपल्याकडे अर्धा बाजार घरच्यांच्या अकाउंटवर चालतो, कृषी केंद्रवालाही तेच करतो, त्याच्यात संशय घ्यायचा तरी काय. तरी सांगतो, पक्कं बिल नाही तर व्यवहार नाही.

पार्सल आलं. काळं कुळकुळीत पावडर कोटिंग, पाहायला एकदम झकास. आमचा मिस्त्री जुना माणूस, त्याने दांडा हातात घेतला, वजन केल्यासारखा वर-खाली केला आणि म्हणाला, "भाऊ, हे हलकं लागून राह्यलं." पॉलिश पेपर घेऊन पाइपाच्या तोंडाशी घासलं. काळा थर गेला, खाली गंजाचे ठिपके, आणि आतल्या बाजूनं बोट फिरवलं तर लांबच्या लांब शिवण हाताला लागली. सीमलेस कुठला, साधा शिवणीचा पाइप. व्हर्नियर लावला तर जाडी ३ एमएम. लांबी, बुशच्या मधापासून बुशच्या मधापर्यंत, साडेसव्वीस इंच. ३६ सांगितले होते! बुश दोन वेगवेगळ्या मापाचे.

फोन लावला तर म्हणे फिट करून तर पाहा, चालवल्याशिवाय कसं सांगता, फिट केल्यावर प्रॉब्लेम आला तर बदलून देतो. हे वाक्य त्याचं रेकॉर्डिंगमध्ये आहे. त्याच्या याच शब्दावर आम्ही पाट्यांचे हँगर कापले. मिस्त्री नको म्हणत होता, पण बदलून द्यायची अटच फिट करायची होती तर करायचं काय?

बसवल्यावर गाडी स्टँडवर असतानाच डाव्या चाकाखाली जॅक लावला तर अख्खा अ‍ॅक्सल उजवीकडे सरकला, डोळ्यादेखत. अ‍ॅक्सलकडचे ब्रॅकेट अशा कोनात होते की कॅस्टर उलटा, वळवल्यावर स्टिअरिंग परत येईना. तरी गावाबाहेर हळू नेली, ताशी तीस किलोमीटरच्या आसपास गेलो आणि पुढची चाकं अशी थरथरली की स्टिअरिंग हातातून सुटायला आलं. ड्रम भरलेले असते किंवा मागे लेकरं असती तर आज हे लिहायला मी नसतो.

व्हिडिओ करून पाठवला. निळी टिक आली आणि ब्लॉक.

आता साहेबलोकांचं. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "वस्तू मिळाली ना?" मिळाली. "मग फसवणूक कुठं? हे सिव्हिल आहे." मी म्हटलं साहेब, शर्ट घेतला अन् पोतं मिळालं तर तुम्ही वस्तू मिळाली म्हणाल का? बसवून ठेवलं दुपारपर्यंत. मग म्हणे ऑनलाइन पैसे गेले तर सायबरला जा. सायबरवाले म्हणे पार्सल आलं म्हणजे सायबर नाही, जिथं दुकान आहे तिथल्या ठाण्यात जा. म्हणजे मी सातशे किलोमीटर जाऊन तिथं तक्रार द्यायची, इथं सोयाबीन कोण पाहील? बँकेत गेलो, तिथला माणूस मान वर न करता म्हणे तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवले. हो, पाठवले, म्हणूनच तर त्याला फसवणूक म्हणतात, चोरी झाली असती तर चोरी म्हणून लिहून आणलं असतं. सगळ्यात संताप आला तो ठाण्यातल्या दुसऱ्या साहेबाचा. म्हणे, "गाडीत बदल कोणाला विचारून केला? तुझ्यावरच केस होईल." तक्रारदाराला धमकी! चोर तिकडं व्हिडिओ टाकतो आणि मी इकडं गुन्हेगार.

त्यातली कायद्याची बाजू खरी आहे म्हणून सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ गोष्टींत असा बदल चालत नाही, आणि कलम १८२ए मध्ये मालकाला एका बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पण विकणाऱ्याने हे मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं, उलट "आरटीओचं टेन्शन नका घेऊ" असा मेसेज आहे. ही भीती आहे म्हणूनच हे लोक बिनधास्त आहेत, त्यांना माहीत आहे की जीपवाला ठाण्यात जायला घाबरणार. घाबरू नका. तक्रार घेत नसतील तर लेखी द्या आणि पोच मागा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, आणि ठाण्याने नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) प्रमाणे एसपीला पोस्टाने पाठवता येते, तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. पैसे नुसतेच गेले आणि वस्तू आलीच नाही तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर १९३० लावा, जितका लवकर तितकी रक्कम अडकवायची संधी.

माझं आता जिल्हा ग्राहक आयोगात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्याच्या गावाला जायची गरज नाही, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. हे ठाण्यातल्या एकाही माणसाने सांगितलं नाही, एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं. दांडे मी विकले नाहीत, भंगारातही दिले नाहीत. व्हर्नियर लावलेले फोटो, पार्सलची पावती, कॉल रेकॉर्डिंग, सगळं लावलं आहे. मिस्त्री लेखी द्यायला तयार आहे.

त्याचं दुकान दुसऱ्या नावाने परत चालू झालं आहे, बोर्ड बदलला, मागची जीप तीच. परवाच्या व्हिडिओत तेच चार समांतर दांड्यांचं ड्रॉइंग आहे आणि भाव आता १,०४,००० सांगतो. ज्यांना ते ड्रॉइंग आलं असेल किंवा ज्यांचे पैसे त्या बाईच्या अकाउंटला गेले असतील त्यांनी पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि तारीख मला पाठवा, पुढच्या तारखेच्या आधी. वकील म्हणतो अजून दोघं-तिघं सोबत आले तर पोलिसांना सिव्हिल म्हणून हात झटकता येणार नाही.